मे महिन्यातला दुधी

दुर्गाप्रसाद सेठनं मुर्री रस्त्यावरच्या आपल्या राइस मिलमध्ये बायकांना पाणी प्यायला लावायला पगारी बाई ठेवली, तेव्हा तिथंच राबणाऱ्या प्रेमिलाबाईला ती थट्टाच वाटली. पाणी प्यायला कुणी शिकवतं का? पण होळीनंतर रुची मॅडम आली आणि चार दिवसांत सगळ्यांची होऊन बसली. उकडलेलं धान अंगणात पसरून दिवसभर पायांनी चाळवणाऱ्या या बायकांना ‘डोकं दुखतं का, लघवीला आग होते का’ असं आजवर कुणी विचारलंच नव्हतं. नवऱ्यांनीसुद्धा नाही. मग जीव लागणार नाही तर काय!

मॅडमची योजना साधी होती. सावलीत माठ भरून ठेवायचे, संध्याकाळी किती पाणी उरलं ते बघायचं आणि मे महिन्यात प्रत्येकीला पुन्हा विचारायचं, त्रास कमी झाला का? सेठनं मात्र तिला सगळ्यांदेखत बजावलं, "फायदा दिखा तो पक्की नौकरी. नहीं तो जून से छुट्टी."

आणि माठ तर भरलेच राहायचे. रुचीचं तोंड रोज एवढंसं व्हायचं. प्रेमिलाबाईला ते बघवेना. तिनं बायकांना गोदामाआड गाठलं.

"पोरीची नोकरी जाऊन राहिली अन् तुमी गंमत पाहून राहिल्या?"

"मंग काय करू?" सुशिलाबाई फणकारली. "पाणी पेलं का जा लागते. थ्या दरवाज्याले कडी हाय का?"

बोलणं खरं होतं. मिलचा संडास वजनकाट्याच्या मागे, दाराला कडी नाही आणि समोर ट्रकवाले बिड्या ओढत उभे. बायका पहाटे घरीच उरकून यायच्या, ते पुन्हा थेट दिवेलागणीला घरी गेल्यावरच. हे मॅडमला कसं सांगायचं? लाज वाटायची. त्यापेक्षा प्रेमिलाबाईला सोपा उपाय सुचला. मॅडम बघायला यायच्या आधी माठ गोदामामागे ओतून द्यायचे.

झालं! रिकामे माठ पाहून रुची हरखून गेली. प्रेमिलाबाईलाही बरं वाटलं, फक्त एवढं पाणी मातीत जाताना जिवाला लागायचं. म्हणून तिनं तिथं दुधीच्या चार बिया टोचल्या.

मे महिना उजाडला. रानात हिरवं पान दिसेना, पण गोदामामागे वेल छपरावर चढला. पहिला दुधी प्रेमिलाबाईनं मोठ्या मायेनं पदराआड झाकून रुचीकडे नेला.

"घ्या मॅडम, कवळी लौकी हाय. चनाडाळ घालून करजा."

रुची डोकं धरून बसली होती. "मावशी, माठ रोज रिकामे होतात, तरी सगळ्यांना त्रास तेवढाच. माझंच काही तरी चुकून राहिलं." मग तिची नजर दुधीवर गेली. "या उन्हात लौकी कुठं लागली?"

प्रेमिलाबाईला खोटं बोलता येईना. ती तिला गोदामामागे घेऊन गेली. वेलाखालची माती अजून ओली होती. आता पोरगी कडाडणार, असं वाटलं. पण रुचीनं वाकून ती ओली माती चिमटीत घेतली.

"काऊन केलं मावशी असं?"

"तू इथं राहाले पाहिजे म्हून."

रुचीनं डोळे पुसले. "मग पाणी काऊन नाही पेल्या?"

प्रेमिलाबाईनं तिचा हात धरून तिला त्या दारापाशी नेलं. रुची आत गेली, प्रेमिलाबाई बाहेरून दार ओढून उभी राहिली. रुची बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता.

दुसऱ्या दिवशी तिनं सेठसमोर सरळ सांगून टाकलं, "कार्यक्रम फसला, सेठजी. मी माठ बघत बसले, दाराचं विचारलंच नाही. आतून कडी हवी आणि ट्रक पलीकडे उभे राहायला हवेत."

प्रेमिलाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. एवढा खटाटोप केला आणि या खुळीनं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला! सेठ "एक कडी के लिए इतना नाटक?" म्हणून गुरगुरला, पण सुतार बोलावला. "एक महीना और देता हूँ," तो म्हणाला.

महिन्यानं तो पाहायला आला. पाऊस अजून लागला नव्हता. रुची माठांकडे गेलीच नाही, त्याला गोदामामागे घेऊन गेली. वेल वाळून काथ्या झाला होता. प्रेमिलाबाईला क्षणभर वाईट वाटलं, लेकरासारखा वाढवला होता.

"ये क्या दिखा रही हो?" सेठ म्हणाला.

"आधी माठातलं पाणी न पिता इथं ओतलं जायचं, त्यावर हा वेल वाढला. आता इथं कुणी पाणी ओतत नाही, सेठजी. सगळं पोटात जाते. बायांची आग कमी झाली, विचारून पाहा."

सेठनं वेलाकडे पाहिलं, मग वजनकाट्यापलीकडे लावलेल्या ट्रककडे. "ठीक है, रहो," म्हणाला आणि निघून गेला.

प्रेमिलाबाईनं माठातून तांब्याभर पाणी घेतलं, घटाघटा प्यायली आणि वजनकाट्यामागे गेली. आत जाऊन तिनं कडी लावली. थोड्या वेळानं सुशिलाबाईनं दार वाजवलं.

"थांब व," आतून प्रेमिलाबाई निवांत म्हणाली, "कायची घाई हाय?"