झाकणावरची खूण

बॉम्बच्या अवशेषांत सापडलेल्या घड्याळाचं झाकण जुन्या नाण्याएवढं होतं, एका कडेला जळून काळं पडलेलं, आणि आतल्या अंगाला सुईने कोरलेल्या दोन रेघा, एक टिंब... डोळ्याला भिंग लावून ती पाहत होती, तिला कसलीच घाई नव्हती, आणि चौकशी आयोगाचा लघुलेखक पेन्सिल टेकवून तिच्या बोलण्याची वाट पाहत होता. ती घड्याळं दुरुस्त करणारी. सभेत बॉम्ब ठेवणाऱ्याची थोरली बहीण.

"खूण माझीच. दुरुस्त केलेल्या प्रत्येक घड्याळात मी कोरते. पण हे घड्याळ धाकट्याचं नाही. दर महिन्याला त्याला भेटायला गुप्तवार्ता खात्याचे एक साहेब यायचे, त्यांचं. मी त्यांच्याच हातात परत दिलं."

"भावाला वाचवायला आलात, बाई?" सरकारी वकील हसले.

"कशाला वाचवू? सहा माणसं गेली. त्याने केलं ते केलंच."

"या खुणेने तुम्हीही अडकाल, कळतंय ना?"

"लपवायची असती तर कोरली कशाला असती?"

हे सकाळी. आता दुपारी टाइपरायटरमध्ये कोरा कागद, आणि आयोगाचे सचिव मागे उभे — "अहो बुवा, ते साहेबांचं वाक्य गाळून टाका. ऐकू आलं नाही म्हणा. नाहीतरी तुमचे कान निवृत्तीला आलेत."

लघुलेखक हसला होता, सवयीने. पंचवीस वर्षं असाच हसत आलो मी — गिरणीतल्या गोळीबाराच्या चौकशीत एक वाक्य राहिलं, पूल पडला तेव्हा दोन... वहीत उतरलेलं, कागदावर न आलेलं. माझं अक्षर मलाच वाचता येतं, त्यामुळे कुणाला कधी कळलंच नाही; आणि त्या प्रत्येक पानाच्या तळाशी, रिवाजाप्रमाणे, माझ्या नावाची दोन आद्याक्षरं. तीही खूणच की — फक्त तिने ती केलेल्या कामावर कोरलेली, आणि मी गाळलेल्या...

उघड्या दारातून बाहेर बाकावर ती दिसत होती, जबानीवर सही करायला थांबलेली. शिपाई म्हणाला, "ताई, वाचत बसू नका, सगळे नुसती सही करून जातात." ती म्हणाली, "मी उघडून पाहिल्याशिवाय काही हातावेगळं करत नाही, दादा." आणि पर्समधून भिंग काढून पदराने पुसू लागली, शांतपणे — जिचा भाऊ तुरुंगात, जी उद्या स्वतः आत असेल कदाचित — आणि लघुलेखकाला वाटलं, एवढं नीट काम करणारं माणूस आपण पाहिलंच नव्हतं.

"पण हे घड्याळ धाकट्याचं नाही," इथवर टाइप झालं होतं. बोटं थांबली. सचिवांच्या बुटांचा आवाज पलीकडच्या खोलीत गेला, पुन्हा जवळ आला. त्याने मान वळवली नाही. भिंग त्याच्या पानावर येणार होतं, ओळीवरून ओळीवर सरकत तळाच्या दोन अक्षरांपाशी थांबणार होतं — आणि याची भीती वाटायला हवी होती, पण वाटत होती ती चक्क आतुरता.