शेवटच्या पानावरचे दोन फुगे

या, जवळ सरकून बसा. गोष्ट सांगणाऱ्याने आधी देवाला हाक मारावी आणि मग ऐकणाऱ्याला. देवाला मारून झाली, आता तुम्हाला मारते आहे. आख्यान लहान आहे, सिनेमाचं आहे, पण मन घट्ट करून ऐका. मी ते पाहिलं तेव्हा हातपाय गार पडले होते, ते अजून पुरते उबेला आलेले नाहीत.

माझा दादा कॉमिक काढायचा. उंच, मानेत वाकलेला, टेबलापाशी तासन्‌तास एका पायावर उभा. आई त्याला बगळ्या म्हणायची. एका साप्ताहिकात त्याची चित्रमालिका यायची, ‘सातवा भोंगा’. त्यातल्या शहरात दिवसाला सहा भोंगे कामाचे. सातवा कधी वाजेल ते कुणाला ठाऊक नसे. तो वाजला की ज्याने-त्याने असेल तिथे डोळे मिटायचे. भोंगा थांबेपर्यंत कुणाची तरी खुर्ची रिकामी झालेली असायची, आणि ती कुणाची हे विचारायचं नाही. अकरा भाग छापून आले. बारावा, शेवटचा, आलाच नाही.

आता एक घरातली गोष्ट सांगते. साप्ताहिकाच्या पहिल्या पानावर मोठ्या अभिमानाने छापलेलं असायचं, ‘चित्र आणि अक्षर एकाच हाताचं’. चित्रांचं खरं होतं. अक्षराचं साफ खोटं. दादाचं अक्षर म्हणजे शाईतून कोंबडी चालत गेलेली. संवाद मी लिहायची. पांढऱ्या कागदावर लिहायचे, भोवती फुगा काढायचा, कात्रीने कापायचा आणि डिंकाने ज्याच्या-त्याच्या तोंडापाशी चिकटवायचा. मी एकोणीस वर्षांची होते. हे गुपित तिघांचंच : दादा, आई आणि मी. संपादककाकांनासुद्धा पत्ता नव्हता.

संपादककाका म्हणजे आमच्या वडिलांचे मित्र. वडील गेल्यावर दादाला काम त्यांनीच दिलं. आईला वहिनी म्हणायचे, ती आजारी पडली तर फळं घेऊन यायचे. असा माणूस देवाने प्रत्येकाच्या दारी पाठवावा, असं मी किती वेळा म्हटलं असेन! हे लक्षात ठेवा.

शेवटचा भाग द्यायचा दिवस. सकाळ. दादा चपला घालून दारात, आणि मी अजून चिकटवतेच आहे.

“आटप गं, गोगलगाय परवडली!”

“मग गोगलगायीकडूनच लिहून घे.”

शेवटच्या चित्रात जिना होता. वरच्या पायरीवर शिपाई, खाली एक बाई. भोंगा वाजत असताना बाईने डोळे उघडे ठेवलेत. बाईने म्हणायचं होतं, ‘मी पाहिलंय सगळं.’ शिपायाने म्हणायचं होतं, ‘डोळे मिटा. मला घरी जायचंय.’ घाईघाईत मी दोन्ही फुगे दाबून बसवले आणि पान पुढे केलं. दादा बघतच राहिला, मग पोट धरून हसला.

“अगं बये, शिपायाचा फुगा बाईला आणि बाईचा शिपायाला!”

मी नखाने फुगा उचलायला गेले, तर चित्राचा रंगच निघून यायला लागला. “राहू दे,” तो म्हणाला, “डिंक ओला आहे, फाटेल. काकांना सांगतो. उद्या नवे चिकटवू.” पानं पिशवीत घातली, आईच्या हातची भाकरी उभ्याउभ्याच तोंडात कोंबली आणि गेला.

तो गेला तो गेलाच.

संध्याकाळी संपादककाका घरी आले. आईच्या पायाशी बसले. डोळ्यांत पाणी. “वहिनी, तो आज ऑफिसात आलाच नाही.” त्या काळी सरकारने पकडायच्या चित्रकारांच्या, लिहिणाऱ्यांच्या याद्या निघायच्या. काका म्हणाले, यादीत नाव आहे हे कळलं असेल, वाटेतूनच पळाला असेल, सरहद्दीपलीकडे सुखरूप असेल. लोकांनीही तेच धरलं. सरकार बदललं, याद्या जळाल्या, पळालेले परतले. दादा नाही परतला. आई एवढंच म्हणाली, “जाताना पाठीवरून हात तरी फिरवू द्यायचा होता.” त्या दिवसापासून एकतीस वर्षं तिने त्याचं नाव घेतलं नाही. रुसली ती रुसलीच. देवापुढे बसली की माझ्यासाठी मागायची, शेजाऱ्यांसाठी मागायची, गल्लीतल्या मांजरीसाठीसुद्धा मागायची. त्याच्यासाठी नाही.

मी आता शाळांच्या प्रमाणपत्रांवर मुलांची नावं लिहिते. अक्षर तेच आहे, चष्मा वाढलाय.

गेल्या महिन्यात निमंत्रण आलं. ‘सातवा भोंगा’वर सिनेमा झाला होता. दुपारचा खास खेळ, चित्रकाराच्या घरच्यांनी यायचंच. आई अंथरुणाला खिळलेली. म्हणाली, “तू जा. मला कशाला त्या पळपुट्याचं कौतुक!” मी गेले. पहिल्या रांगेत, शेजारी संपादककाका. ब्याऐंशी वर्षांचे, काठी घेतलेले. माझा हात त्यांनी हातात घेतला. मला वाटलं, वडीलच बसलेत.

दिवे गेले. मोठ्या पडद्यावर दादाचं शहर हलायला लागलं. भोंगा वाजला की सगळं थिएटर श्वास धरायचं. अकरा भागांपर्यंत मला सगळं पाठ होतं. पुढचं यांनी रचलं असणार, असं धरून बसले होते. पुढचं तर कुणी पाहिलंच नव्हतं ना!

जिना आला. वर शिपाई. खाली बाई. भोंगा वाजतोय.

शिपाई म्हणाला, “मी पाहिलंय सगळं.”

बाई म्हणाली, “डोळे मिटा. मला घरी जायचंय.”

थिएटर टाळ्यांनी दणाणलं. आणि मी... कसं सांगू! पायाखालची जमीन सरकणं म्हणतात, तसं नाही. जमीन होती तिथेच होती, मीच कुठे उरले नव्हते. ती माझी चूक होती. माझ्या डिंकाची, माझ्या घाईची. ती पडद्यावर उभी राहून बोलत होती.

दिवे लागले. दिग्दर्शिका मंचावर आली, पोरसवदा, हसरी. म्हणाली, “हा शेवट आधी आम्हाला उलटा वाटला होता. संवाद बदलायचंही ठरवलं होतं. पण काकांनी जपून ठेवलेली मूळ पानं दाखवली आणि बजावलं, त्या हाताच्या कामाला हात लावायचा नाही.” पुन्हा टाळ्या. काका बसल्या जागी नमस्कार करत होते.

गर्दी चहाकडे वळली. मी त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं.

“काका, पानं तुमच्याकडे कशी आली?”

“अगं, आदल्या दिवशीच देऊन गेला होता तो. टेबलाच्या खणात राहून गेली. परवा-परवा सापडली.”

“आदल्या दिवशी?”

“हो गं. एवढं का विचारतेस?”

“आदल्या दिवशी त्या पानावर फुगे नव्हते, काका. ते मी लावले. त्याच दिवशी, सकाळी. तो दारात उभा होता.”

ते हसले. “तू? अक्षर त्याचं होतं.”

“दादाचं अक्षर तुम्ही कधी पाहिलंत?”

मी पर्समधून पेन काढलं आणि निमंत्रणाच्या पाठीवर दोन ओळी लिहिल्या. ‘मी पाहिलंय सगळं.’ ‘डोळे मिटा. मला घरी जायचंय.’ काकांनी कागद डोळ्यांजवळ नेला. काठी हातातून सुटली, फरशीवर वाजली. कुणीतरी धावत येऊन ती उचलून दिली, “काका, बरं आहे ना?” म्हणालं आणि निघून गेलं.

“आला होता,” काका म्हणाले. आवाज म्हणावा असा नव्हताच. “पानं टेबलावर ठेवली. म्हणाला, ‘काका, शेवटच्या पानावर एक गंमत झालीय, सांगतो.’ तेवढ्यात खालून निरोप आला, कुणी भेटायला आलंय म्हणून. खाली गेला. गंमत राहूनच गेली.”

“खाली कोण होतं?”

त्यांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. मग म्हणाले, “तो आला की फोन करा, एवढंच सांगितलं होतं मला. मीही यादीत होतो गं. मी फोन केला. खिडकीतून बघितलं. गाडीत बसवताना त्याने वर बघितलं, आणि... मी पडदा ओढला.”

एकतीस वर्षं हा माणूस माझ्या आईला फळं आणून देत होता.

मी ओरडले नाही. शिव्या तोंडापर्यंत आल्या आणि तिथेच विरघळल्या. इतकंच म्हटलं, “उद्या घरी या. हे आईसमोर बोला. फळं आणू नका.”

घरी गेले. आईच्या उशाशी बसले. पान, जिना, फुगे, फोन, पडदा, सगळं सांगितलं. ती छताकडे बघत होती. मला भीती, आता हिचा श्वास थांबतोय की काय.

“म्हणजे तो पळाला नव्हता,” ती म्हणाली.

“नाही.”

“पानं दिली का त्याने?”

“दिली, आई. शेवटच्या भागाची सगळी.”

“आणि उद्या चूक दुरुस्त करू म्हणाला होता?”

“हो.”

“म्हणजे परत यायचं होतं त्याला.” मग तिने हात वर उचलला. हवेतच, कुणाच्या तरी वाकलेल्या पाठीवरून फिरवावा तसा हळूहळू फिरवला. “बगळ्या,” म्हणाली, “माझ्या बगळ्या, मी तुला पळपुटा म्हटलं रे.”

काका दुसऱ्या दिवशी आले. मोकळ्या हातांनी आले. आईने मला त्यांना पाणी द्यायला सांगितलं आणि त्यांना सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं, दोनदा. त्यांनी सांगितलं. आता ते लेखी देणार आहेत; कागद मीच लिहिला आहे, सही ते करतील.

तुम्ही तो सिनेमा पाहाल. शेवटी जिना येईल, लोक टाळ्या वाजवतील, वाजवू द्या. तुम्ही मात्र दोन क्षण डोळे उघडे ठेवा आणि माझ्या दादाची आठवण काढा. पान नीट करायला तो उद्या परत येणार होता.