पान अकरावरचा चहा

"साहेब, तुम्ही आधी हसलात, मग लाल रेघ मारलीत."

नोटिशीच्या उत्तराची सुरुवात अभिमननं अशीच केली. धुळ्यातल्या नजीरच्या कॅसेटच्या दुकानात, गल्ल्यावर कागद ठेवून. वाचून नजीरनं कपाळावर हात मारला.

"भाई, माफी लिख दे. दोन ओळींपायी नाटक बंद पाडतोस का?"

"दोन ओळीच उरल्यात माझ्या."

अभिमन अमळनेरच्या मार्केटात धान्य मोजणारा मापाडी, सातवी शिकलेला. तमाशाच्या फडाला बतावण्या लिहिल्या, तर मालकानं नाव खाल्लं. रेडिओला लिहिलं, तर तिथं त्याच्या अहिराणी 'शे'चं 'आहे' करत करत सगळं हसूच पुसून टाकलं. तेव्हा हा गप्प बसला. कार्यक्रम संपल्यावर आई भिकुबाई म्हणाली, "चांगलं व्हतं. आते तुन्हं कव्हय लागी?"

आता तुझं कधी लागणार, हे त्याच्या जिव्हारी लागलं. मग नजीरनं त्याची 'हापसा' ही बतावणी जशीच्या तशी कॅसेटवर काढली. लग्नात, सलूनात, गिरणीवर, जिथं तिथं तीच वाजायची. म्हणून अभिमननं तिचं नाटक केलं आणि नाटकं तपासणाऱ्या सरकारी साहेबाकडं परवानगीला पाठवलं. मंत्री आला की कोरड्या हापशाला पाणी येतं, गेला की बंद. शेवटी म्हातारी मंत्र्याला हात जोडून म्हणते, "साहेब, तुम्ही गावमाच ऱ्हा. तुम्ही उनात का पाणी येस!"

परत आलेल्या प्रतीत नेमकी ह्याच ओळींवर लाल रेघ. आणि त्याच पानावर, पान अकरावर, चहाचे शिंतोडे. कप ठेवल्याचा गोल डाग नव्हे, तोंडातून फुर्रकन उडालेले.

अभिमननं ओळी काढल्या. खरंच काढल्या. अमळनेरला दुपारच्या प्रयोगात म्हातारीचं काम करणारी मंदाबाई हात जोडून उभी राहिली आणि तिनं तोंडावर पदर धरला. पुढच्या रांगेत हवालदार मंजूर प्रतीवर बोट ठेवून बसलेला. मैदान चिडीचूप. तेवढ्यात बायकांमधून कुणीतरी ओरडलं, "साहेब, तुम्ही गावमाच ऱ्हा!" आणि पाठोपाठ अख्खं मैदान, "तुम्ही उनात का पाणी येस!" कॅसेट सगळ्यांनाच पाठ. मंदाबाईनं पदर खाली घेतला. हवालदारानं तिच्या तोंडाकडं पाहिलं. बंद.

आठवड्यात नोटीस आली. वगळलेला मजकूर जाहीररीत्या उच्चारला गेला, परवानगी रद्द का करू नये?

"रद्द झाली तर मंदाबाईचंही काम जाईल," नजीर म्हणाला. "तिला विचारलंस?"

"इचारं. म्हने, आते तोंडवर पदर नही धरस मी."

 नजीरनं टोपण काढून दुसरं पेन पुढं सरकवलं. पहिल्याची शाई संपत आली होती.

अभिमननं लिहिलं, "माझ्या माणसांनी एक अक्षर उच्चारलं नाही. मैदानात दोन हजार लोक होते, त्यांना नोटिसा काढा, गावं मी सांगतो. परवानगी तुमच्या हातात शे, खुशाल रद्द करा. माफी मिळणार नाही. पान अकराची झेरॉक्स जोडली शे, असल माझ्याजवळ शे. त्यावरचा चहा कुणाच्या तोंडातला? तुम्ही हसलात का नाही? हो का नाही, सही-शिक्क्यानिशी कळवा."