दोन पळ्या पाणी

चारुलताने आयुष्यात पहिल्यांदा देव पाण्यात ठेवला तो पोराच्या निवडणुकीसाठी, आणि तोही पोरगा हरावा म्हणून. आता आईनं असं करावं का? करू नये. पण आधी तिची बाजू ऐकून घ्या, मग काय नावं ठेवायची ती ठेवा.

वरुण तिचा एकुलता एक. चौथ्या वर्षापासून बहरीनमधल्या उम्म अल हस्सम भागात याच फ्लॅटमध्ये वाढला, खालच्या कोल्ड स्टोअरच्या, म्हणजे किराणा दुकानाच्या मालकाला त्यानं सळो की पळो करून सोडलं, मग शिकायला म्हणून अमेरिकेला गेला तो तिकडचाच झाला. छत्तिसाव्या वर्षी त्याला राजकारणाचं खूळ लागलं आणि तो तिथल्या राज्याच्या विधानसभेला उभा राहिला. बहरीनला तो शेवटचा आला त्याला सहा वर्षं झाली होती. इकडे चारुलताचे यजमान शैलेंद्र जानेवारीअखेर बँकेतून निवृत्त होणार होते. नोकरी संपली की व्हिसा खलास, घर खलास, बत्तीस वर्षांचा संसार खोक्यांत भरून डोंबिवलीला.

सप्टेंबरातल्या एका रविवारी वरुण फोनवर म्हणाला, "आई, हरलो ना, तर डिसेंबरचा अख्खा महिना तुमच्याकडे. माझ्या खोलीत झोपणार आणि तुझ्या हातचं खाणार. जिंकलो तर मात्र कठीण आहे गं. जानेवारीत अधिवेशन, त्याआधी ट्रेनिंग, ऑफिस थाटायचं, माणसं नेमायची."

त्याच संध्याकाळी चारुलताने देवघरातला पितळी गणपती उचलला, स्टीलच्या वाटीत पाणी भरलं आणि त्याला आत बसवला. तिच्या आईचा नियम होता, की एकदा देव पाण्यात ठेवला की काम होईपर्यंत वाटीला हात लावायचा नाही. शैलेंद्रनी पाहिलं आणि विचारलं, "वरुणसाठी?"

"हो, त्याच्यासाठीच," ती म्हणाली. खोटं काही बोलली नाही म्हणा.

पुढचे दोन महिने शैलेंद्रच्या तोंडात दुसरा विषय नव्हता. देवघरासमोर कधी दोन मिनिटं न थांबणारा हा माणूस रोज सकाळी अमेरिकेतल्या मतदारसंघांचे नकाशे उघडून बसायचा. चारुलता मात्र वाटीकडे बघायची. पाणी आहे तेवढंच, बाप्पाच्या कानापर्यंत. तिला वाटायचं, देवानं आपलं मनावर घेतलंय. मग लगेच ती वाटीवरून नजर काढायची, कारण घेतलं म्हणजे पोर पडणार. मतदानाच्या आधीच्या शुक्रवारी वरुणच्या कार्यकर्त्यांनी एक व्हिडिओ पाठवला. पावसात दारोदार फिरणारा वरुण, आणि त्याच्या बुटाचा तळ चिकटपट्टीनं बांधलेला. शैलेंद्रनी तो तीनदा पाहिला आणि फोन खाली ठेवला.

मतदान तिकडे मंगळवारी झालं. बुधवारी सकाळी सातला रिफाहून सलील आला. हा शैलेंद्रचा बँकेतला ज्युनिअर, पुण्याचा, येताना गरम फलाफल आणि खुबूसच्या रोट्या घेऊन आलेला. टीव्हीवर मतमोजणी चालू होती.

"दादा, एक सांगा," सलील म्हणाला. "राष्ट्राध्यक्ष निवडायचा नाही, संसद निवडायची नाही. एका राज्याची विधानसभा आणि कुठली तरी खासदारकीची पोटनिवडणूक. त्यावर हे एवढे घसा का फोडतायत?"

शैलेंद्र याच प्रश्नाची वाट बघत होते. "अरे, भाजीत मीठ किती पडलंय हे आपण चमचाभर चाखूनच बघतो ना? ही मधल्या वर्षातली निवडणूक म्हणजे तो चमचा. सत्तेतल्या पक्षाला कळतं की लोक रागावलेत का. विरोधकांना कळतं की पुढच्या वर्षी काँग्रेसच्या, म्हणजे तिकडच्या संसदेच्या निवडणुकीला कोणता मुद्दा घेऊन जायचं, पैसा कुठं ओतायचा. आपल्या वरुणचा मतदारसंघ शहराच्या कडेचा, कधी इकडे कधी तिकडे झुकणारा. म्हणून सगळ्यांची नजर त्याच्यावर. अर्थात एका चमच्यावरून अख्खी पंगत उठवायची नसते, पण पक्षवाल्यांना तेवढा धीर कुठला."

चारुलता चहा गाळत ऐकत होती. तिला वाटलं, दोन्ही पक्ष खुशाल चाखत बसू देत, पण चमच्यात माझं पोर आहे.

साडेसातला व्हिडिओ कॉल आला. वरुणच्या मागे फुगे, पिझ्झाचे खोके, दहा-बारा माणसं. तो नव्वद मतांनी मागे होता आणि त्याचे डोळे खोल गेले होते.

"आई, बाप्पा दाखव ना."

तिनं फोन देवघराकडे नेला. वरुणनं मागच्या माणसांना इंग्रजीत सांगितलं, की माझ्या आईनं दोन महिने देव पाण्यात ठेवलाय, माझ्यासाठी. एक म्हातारी अमेरिकन बाई पुढं आली आणि तिनं छातीवर हात ठेवला. वरुण फोनच्या जवळ येऊन हळूच मराठीत म्हणाला, "आई, मला ना, भीती वाटतेय. एवढी माणसं माझ्यावर विसंबून आहेत. पण तू आहेस म्हणून बरं वाटतं."

चारुलताचा जीव लाजेनं अर्धा झाला. फोन ठेवल्यावर ती देवघरात गेली. निवडणुकीच्या धांदलीत चार दिवस तिनं वाटीकडे नीट पाहिलंच नव्हतं; पाणी बोटभर खाली गेलं होतं, बाप्पाचे कान कोरडे होते. विचार करायला वेळ नव्हता. आईचा नियम मोडून तिनं दोन्ही हातांनी मूर्ती बाहेर काढली, पदरानं पुसली, जागेवर ठेवली. "चुकलं माझं," ती म्हणाली. "त्याला जिंकू दे. आमचं आम्ही बघू."

साडेआठला वरुण दोनशे चौदा मतांनी निवडून आला.

टीव्हीवरचा निवेदक म्हणाला, हा सत्ताधाऱ्यांना इशारा आहे. दुसरा म्हणाला, इशारा बिशारा काही नाही, उमेदवार चांगला होता. सलीलनं शैलेंद्रना मिठी मारली. वरुणचा पुन्हा फोन आला तेव्हा मागं इतका गोंगाट होता, की त्याचं निम्मं बोलणं ऐकूच आलं नाही.

"आई, आता काढ बाप्पाला पाण्यातून."

"मघाशीच काढला."

"निकालाच्या आधी? एवढी खात्री होती तुला?"

"होती," चारुलता म्हणाली.

तो गोंगाटातून जरा बाजूला झाला. "डिसेंबरचं जमणार नाही गं आई."

"ठाऊक आहे रे. आधी जेव काहीतरी. आणि नवे बूट घे."

सलील ऑफिसला गेला. शैलेंद्रनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. चारुलता वरुणच्या खोलीत गेली. तिनं महिनाभर आधीच नवी चादर घालून ठेवली होती, ती काढून घडी करायला घेतली. दुसरं टोक धरायला शैलेंद्र आले. घडी अर्धी झाली आणि तिला राहवलं नाही.

"अहो, मी देव ठेवला होता तो त्यानं हरावं म्हणून."

शैलेंद्रनी चादरीचं टोक सोडलं नाही. "दोन महिन्यांत तू वाटीत एकदा तरी पाणी घातलंस?"

"नाही. हात लावायचा नसतो."

"इथं दिवसभर एसी चालू असतो. मग ते आटलं कसं नाही?"

तिनं दारातून देवघराकडे पाहिलं.

"रोज सकाळी तू आंघोळीला गेलीस की मी दोन पळ्या घालत होतो."

"कशासाठी ठेवलाय, हे माहीत असून?"

"हरलो तर येतो असं तो म्हणाला, त्याच संध्याकाळी तू वाटी भरलीस. एवढं विश्लेषण मला येतं."

चारुलताने चादरीची कड सरळ केली. मग तिला मघाचे ते कोरडे कान आठवले. "आणि आज पाणी खाली गेलं होतं ते?"

"शुक्रवारपासून नाही घातलं," शैलेंद्र म्हणाले. "त्याचे बूट बघितल्यावर पळी उचलवेना."

दोघांनी चादरीची घडी पुरी केली. मग चारुलताने ती उलगडली आणि पुन्हा वरुणच्या पलंगावर घातली. जानेवारीअखेरपर्यंत खोली त्याचीच होती.