खिसे बघायचे राहिले

लाँड्रीवाली बाई म्हणजे एक नंबरची काटेकोर. गिऱ्हाइकाच्या कपड्यांचे खिसे उलटे करून बघितल्याशिवाय एकही शर्ट मशीनमध्ये जायचा नाही. घरातली वस्तू कुणाला द्यायची, तर तीही लख्ख करूनच. नवरा चिडवायचा, "मला वर पाठवतानासुद्धा इस्त्री करून पाठवशील!" गेला बिचारा. शेवटचं वर्ष त्यानं अंथरुणातच काढलं. हातात बळ उरलं होतं ते गेमचा कंट्रोलर धरण्यापुरतं.

त्या वर्षात त्यानं टीव्हीवरच्या गेममध्ये एक घर बांधलं. निळं दार, मागे विहीर, तिच्यासाठी कपडे वाळत घालायची लांबलचक दोरी. नेटची वायर मात्र काढून टाकायला लावली. "नेट लावलं की लेकाचं अपडेट मागत बसतं. मला कुठे एवढा वेळ आहे?" असं म्हणून हसायचा. तिला काही हसू यायचं नाही.

तो गेल्यावर रोज दुकान बंद केलं की ती गेमचा खोका चालू करायची. पडद्यावर निळ्या दारातल्या बाकावर त्याचा गेममधला माणूस बसलेला असायचा, त्यानं बसवला होता तसाच. ती आपली बाहुली शेजारी नेऊन बसवायची आणि दिवसभराचं सगळं सांगायची. लोक काय म्हणायचं ते म्हणोत, बाई त्यावरच तगून होती.

पण खोका म्हातारा झाला. तापायचा, घरघरायचा, मध्येच बंद पडायचा. धाकट्या दिरानं नवी सोय करून दिली.

"वहिनी, आता खोका लागतच नाही. गेम लांबच्या मोठ्या कॉम्प्युटरवर चालतो, आपल्याकडे नेटवरून नुसतं चित्र येतं."

"आणि ह्यांचं घर?"

"अहो, हल्ली सगळं तिकडेच साठवलेलं असतं. बिनधास्त राहा."

जुना खोका दिराचा एक मित्र नेणार होता. झालं, बाईचा स्वभाव आडवा आला. मळकी वस्तू दुसऱ्याच्या घरी कशी पाठवायची? तिनं खोका पुसला, जाळीतली धूळ ब्रशनं काढली आणि आतूनही साफ असावा म्हणून पडद्यावरचं 'सर्व पुसून टाका' दाबलं. नक्की का, असं खोक्यानं विचारलंही. ती हो म्हणाली.

संध्याकाळी दिरानं गेम लावला. ना घरघर, ना ताप, चित्र कसं स्वच्छ! समोर नुसतं हिरवं माळरान, आणि वर अक्षरं: 'तुमचं पहिलं घर बांधा.'

"घर कुठंय, भाऊजी?"

दीर बटणं दाबत राहिला. मग चाचरत म्हणाला, "दादा नेट लावूनच खेळायचा ना? नाहीतर घर त्या खोक्यातच राहिलं असणार."

ती भिंतीपाशी ठेवलेल्या, जुन्या खोक्याच्या नेटच्या वायरकडे बघत राहिली. तिनंच ती नीट गुंडाळून, रबर लावून ठेवली होती.

"मी आधी विचारायला हवं होतं, वहिनी," दीर रडवेला झाला. "आपण पुन्हा बांधू. अगदी तसंच, निळं दार..."

"तुमचं नाही चुकलं हो. आयुष्यभर परक्यांचे खिसे तपासले मी. आणि आपल्याच माणसाचे..." ती ओक्साबोक्शी रडली.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले, कंट्रोलर घेतला आणि मोकळ्या माळावर आपली बाहुली खाली बसवली. सोबतीला म्हणून दीर दुसरा कंट्रोलर उचलायला गेला, तसा तिनं त्याचा हात धरला.

"तो राहू द्या," ती म्हणाली. "ह्यांचा आहे. आत्ताच चार्ज करून ठेवलाय मी."