महर्षींचा हात आणि टपालकाकांचा संगणक

पाणीपुरवठ्याच्या तक्रार कक्षात त्या दिवशी तक्रारी सोडून बाकी सगळं पाहिलं जात होतं. बिलांचा विभाग ओस पडला होता, नकाशेवाले खुर्च्या सोडून आले होते आणि पंपघरातली दोन माणसं ग्रीसने माखलेल्या हातांनीच दारात उभी होती. सगळ्यांच्या नजरा खिडकीजवळच्या संगणकावर खिळल्या होत्या. त्याच्यासमोर साहेबांनी बोलावलेले यंत्रमहर्षी बसले होते. डोळे मिटलेले, डावा हात कपाळावर, उजवा हात माउसवर. उजवा हात सावकाश गोल गोल फिरत होता आणि मिटल्या ओठांतून अखंड गुणगुण चालली होती.

"पस्तीस मिनिटं झाली," साहेब घड्याळ पाहत कुजबुजले. "एकदाही बंद पडला नाही!"

गर्दीने श्वास रोखला. दोघातिघांनी हात जोडले. एकाने तर संगणकाला नमस्कार केला. कालपर्यंत हाच गृहस्थ त्याला 'डबडं' म्हणत होता.

गर्दीच्या मागे गळतीताई उभ्या होत्या. रस्त्याखालच्या नळांतली गळती शोधण्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती, म्हणून हे नाव. लोखंडी काठीचं एक टोक जमिनीला, दुसरं कानाला लावून त्या पाणी कुठे वाया जातंय ते ऐकायच्या. माणसांचं बोलणंही त्या साधारण तसंच ऐकत, त्यामुळे कचेरीत त्यांचे मित्र कमी होते.

भानगड अशी होती. त्या खुर्चीत एकोणीस वर्षं टपालकाका बसायचे. गावभरच्या तक्रारींचं टपाल आधी कागदी, मग ईमेलचं, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. दीड महिन्यापूर्वी ते घरी बसल्याजागी वारले. त्यांच्या जागी त्यांची मुलगी लागली आणि पहिल्याच दिवसापासून ईमेलचा प्रोग्राम दगा द्यायला लागला. ती जरा उठून पाणी प्यायला गेली किंवा फाइल वाचत बसली, की पडद्यावर चौकट यायची, 'टपालपेटी सध्या वापरात आहे', आणि प्रोग्राम धाडकन बंद. दिवसातून दहा वेळा. दुरुस्तीवाल्याने दोनदा प्रोग्राम काढून पुन्हा बसवला, संगणक फडक्याने पुसला आणि हात झटकले.

खुर्ची रिकामी आणि टपालपेटी वापरात! मग ती वापरतं कोण? हे कोडं कचेरीने तीन दिवसांत सोडवलं. काकांचा जीव टपालात अडकलाय. मुलगी उठली की ते येऊन बसतात. एवढा विचार या मंडळींनी पाण्याच्या वेळापत्रकावर केला असता, तर तक्रार कक्षच लागला नसता.

महर्षींनी डोळे उघडले. "यंत्राला स्मृती असते," ते म्हणाले. "स्मृतीत लहरी असतात. आणि लहरींना वासना असते. हे परदेशात सिद्ध झालेलं आहे."

"परदेशात कुठे?" गळतीताईंनी विचारलं.

"सर्वत्र," महर्षी म्हणाले. "आमच्या हातातून उलट दिशेच्या लहरी जातात, म्हणून आत्मा तेवढा वेळ दूर राहतो. पण आम्ही किती वेळ बसणार? कायमचा उपाय एकच. या मुलीच्या मायेने वडील इथे डांबले गेलेत. तिने ही खुर्ची सोडायची. आज चार वाजता राजीनामा लिहून यंत्रासमोर ठेवायचा. नंतर आमच्या संस्थेची तांब्याची चकती प्रत्येक संगणकाला. प्रत्येक हं, एकही सुटता कामा नये."

साहेबांनी एकूण संगणक किती ते लगेच शिपाईमामांना मोजायला पाठवलं.

मुलगी भिंतीला टेकून उभी होती. गळतीताईंनी तिला हाताला धरून जिन्यात नेलं.

"तू खरंच राजीनामा देणार?"

"देते ना, ताई. बाबा सुटणार असतील तर देते." तिने ओढणीच्या टोकाला पीळ घातला. "मी तर रोज दीडच्या जेवणाच्या सुट्टीनंतर मुद्दाम उशिरा परत येते. म्हटलं, त्यांना निवांत वाचू दे. ते असताना कधी शांतपणे दोन घास खायला मिळाले नाहीत त्यांना. पण मीच त्यांना अडकवून ठेवलं असेल तर..."

गळतीताईंना राग आला. महर्षींचा आलाच, पण साहेबांचा जास्त आला. घरात कमावणारी ही एकटी, मागे आई आणि शिकणारी बहीण. आणि हिला सांगतात की बापाचे हाल तू करतेस! दुःखात असलेल्या पोरीच्या डोक्यात असलं काही भरवणं हा चोरीपेक्षा वाईट गुन्हा आहे, असं त्यांना मनापासून वाटलं.

"चार वाजेपर्यंत काही लिहू नकोस," त्या म्हणाल्या. "मला जरा तुझ्या बाबांच्या खुर्चीत बसू दे."

महर्षी साहेबांच्या केबिनमध्ये जेवायला गेले. लहरींना भूक फार लागते म्हणतात. गळतीताई संगणकासमोर बसल्या आणि त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. संगणकातलं त्यांना फारसं कळत नव्हतं, पण गळतीतलं कळत होतं. घरातले सगळे नळ बंद असताना मीटर फिरत असेल, तर पाणी कुठेतरी जातंय. हा त्यांच्या धंद्याचा पहिला धडा.

एक मिनिट, दोन, तीन. संगणक गप्प होता. पाचव्या मिनिटाला खोक्यावरचा छोटा दिवा लुकलुकायला लागला. कोणी बोट लावलं नव्हतं, तरी आत काम सुरू झालं होतं. नळ बंद, मीटर चालू! थोड्याच वेळात चौकट आली आणि प्रोग्राम बंद पडला. त्यांनी माउस जरा हलवला. दिवा शांत झाला.

मग त्यांनी रस्त्यावर करायच्या तेच केलं, एकेक झडप बंद करत गेल्या. पडद्याच्या कोपऱ्यात तीन बारीक चित्रं होती, मागे गुपचूप चालणाऱ्या प्रोग्रामची. पहिला थांबवून वाट पाहिली, चौकट आली. दुसरा थांबवला, पुन्हा आली. तिसऱ्या चित्रावर भिंग होतं. ते उघडलं तर आत लिहिलेलं होतं: 'टपालपेटीची सूची तयार होत आहे. एकेचाळीस हजार पत्रांपैकी सहा हजार पूर्ण.' त्यांनी ते थांबवलं आणि हात मांडीवर ठेवून पाऊण तास बसून राहिल्या. काही आलं नाही. तो प्रोग्राम बसवल्याची तारीखही तिथेच होती. ती वाचून गळतीताई एकट्याच हसल्या, मग त्यांनी भिंग पुन्हा चालू करून ठेवलं.

चार वाजता सगळी कचेरी पुन्हा गोळा झाली. मुलीसमोर कोरा कागद आणि पेन होतं.

"एक विनंती," गळतीताई म्हणाल्या. "महाराजांनी आपला हात या वेळी माउसच्या चार बोटं वर धरावा. लहरी चार बोटं ओलांडतीलच की!"

महर्षींचा चेहरा पडला. "असं नसतं. स्पर्श लागतो."

"मग संगणकाच्या पडद्याला करा स्पर्श. यंत्र तेच आहे."

गर्दीत कुजबुज झाली. साहेबही "करून दाखवाच" म्हणाले. नाइलाजाने महर्षींनी पडद्यावर पंजा टेकवला आणि डोळे मिटले. पाचव्या मिनिटाला दिवा लुकलुकला. आठव्या मिनिटाला त्यांच्या पवित्र पंजाखालीच चौकट उमटली आणि प्रोग्राम बंद!

"इथे कोणीतरी नकारात्मक व्यक्ती उपस्थित आहे," महर्षी म्हणाले.

"आहे ना, मीच," गळतीताई म्हणाल्या. "शिपाईमामा, इकडे या. प्रोग्राम पुन्हा उघडते. डाव्या हातात तुमचं वर्तमानपत्र घ्या, उजव्या हाताने माउस हलवत राहा. मंत्र नको."

शिपाईमामा बसले. त्यांनी खेळाचं पान वाचलं, हवामान वाचलं, मध्ये दोनदा जांभई दिली. वीस मिनिटं संगणक सरळ चालला.

"मामांना सिद्धी कधी प्राप्त झाली?" नकाशेवाल्यांतून कोणीतरी विचारलं आणि एकच हशा पिकला.

गळतीताईंनी पडद्यावरचं भिंग दाखवलं. "हा शोधणारा प्रोग्राम आहे. तो सगळी पत्रं वाचून शब्दांची यादी करून ठेवतो, म्हणजे पुढे हवं ते चटकन सापडतं. स्वभावाने सभ्य आहे, माणूस काम करत असला की थांबतो. माउस पाच मिनिटं हलला नाही की उठतो आणि काकांची पत्रं वाचायला घेतो. तेवढ्यात ईमेलच्या प्रोग्रामला तीच पेटी हवी असते. ती मिळत नाही, म्हणून तो बंद पडतो. यादी अर्धवट राहते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. महाराज माउस फिरवत होते तोवर याला वाटत होतं, कोणीतरी काम करतंय. त्याचा गैरसमज झाला बिचाऱ्याचा."

"पण हा आला कुठून?" साहेबांनी विचारलं.

"मुलगी रुजू झाली त्याच सकाळी बसवलाय, साहेब. तारीख इथेच लिहिली आहे."

साहेबांना आठवलं. "काका गेल्यावर एक जुनं पत्र सापडेना... म्हणून मीच सांगितलं होतं. काका होते तेव्हा असलं काही लागत नव्हतं. त्यांना सगळं तोंडपाठ असायचं."

गळतीताईंनी शोधाच्या यादीतून टपालपेटीवरची खूण काढली. झालं एवढंच. ना चकती, ना राजीनामा. महर्षींना तेवढ्यात दुसऱ्या एका आत्म्याची वेळ आठवली आणि ते जिना उतरून गेले.

"एक चकती लावून ठेवली असती, तर बिघडलं काय असतं?" बिलांच्या विभागातल्या एकाने विचारलं.

"हिची नोकरी गेली असती!" गळतीताई कडाडल्या. "आणि आपल्यामुळे बाप तडफडतोय असं समजून ती जन्मभर जगली असती. एखादी गोष्ट समजत नसेल तर 'समजत नाही' म्हणा. त्यात कसला आलाय कमीपणा? मला तरी सकाळी कुठे कळत होतं? पण न समजलेल्या जागेवर लगेच बुवा आणून बसवू नका. एकेक गोष्ट बंद करून बघा, पुन्हा बघा, लिहून ठेवा. कारण सापडतं. आज नाही तर उद्या सापडतं."

मुलगी हळूच म्हणाली, "म्हणजे दीड वाजता इथे कोणी नसायचं?"

"नाही गं, बाळा. कोणी नसायचं."

ती रडली. दीड महिन्यात पहिल्यांदाच मोकळेपणाने रडली, आणि गळतीताईंनी तिला रडू दिलं. मग तिने तो कोरा कागद घडी घालून टोपलीत टाकला आणि खुर्ची पुढे ओढली.

उत्तर न दिलेल्या तीनशे बारा तक्रारी होत्या. सगळ्यात वरची एका बाईंची होती. टेकडीवरच्या गल्लीत नऊ दिवस पाणी नाही, हे त्यांचं चौथं पत्र होतं आणि शेवटी त्यांनी विचारलं होतं, 'तिकडे कोणी वाचतं तरी का?'

मुलीने डोळे पुसले आणि टाइप केलं, 'हो. मी वाचते आहे.'