तुटक रेघ

आमच्या कुटुंब सल्ला केंद्रात दर वर्षी समाजकार्याच्या कॉलेजातून एक शिकाऊ मुलगी येते, आणि दर वर्षी मी ठरवते की या खेपेला चिडायचं नाही. यंदाचा निश्चय पहिल्या दिवशी पावणेअकरापर्यंत टिकला.

ती आली तेव्हा तिच्या पिशवीत तीन रंगांची पेनं, एक पट्टी आणि करकरीत कोरी वही होती. शिपायानं साधं विचारलं, "पंखा लावू का?" तिनं त्याच्याकडे अपार मायेनं बघत उलट विचारलं, "पंखा बंद असला की तुम्हाला कसं वाटतं?" तीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. तो पंखा न लावताच विचार करत निघून गेला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिचं नाव वाटतंबाई पडलं होतं. नाव मी पाडलं नाही, पण सगळ्यांत जास्त मीच वापरलं, हे कबूल करते.

तिला पहिली केस दिली ती बटणची. बटण म्हणजे नऊ वर्षांची मुलगी; बारकी, गोल चेहऱ्याची. बाप जहाजावर नोकरीला, वर्षातून एकदा उगवणारा. आई मनाच्या आजारासाठी आठ महिने रुग्णालयात होती, तेवढा काळ बटण आत्याकडे राहिली. आता आई बरी होऊन आली होती, लॉन्ड्रीत अर्धा दिवस काम करत होती, आत्याच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून एक खोली घेऊन राहत होती. तिला मुलगी परत हवी होती. द्यायची की नाही, हे गुरुवारी बालकल्याण समिती ठरवणार होती, आणि समिती ठरवणार होती आमचा अहवाल वाचून.

आमच्या कामात कुटुंबाचा नकाशा काढायची पद्धत आहे. बाईला गोल, पुरुषाला चौकोन. नातं घट्ट असेल तर सरळ रेघ, भांडण असेल तर नागमोडी, नातं विरलेलं असेल तर तुटक. अख्खं घर एका कागदावर मावतं. मला ही पद्धत फार आवडते, आणि इतकी आवडते म्हणूनच मी जरा जपून राहायला हवं होतं.

सोमवारी वाटतंबाई आईच्या खोलीवर जाऊन आली. मंगळवारी सकाळी तिनं नकाशा माझ्यापुढे ठेवला. आई आणि बटण यांच्यामध्ये तुटक रेघ.

"मॅडम, चाळीस मिनिटं बसले होते मी. मुलगी एकदाही आईजवळ गेली नाही. हाताची घडी घालून खुर्चीत बसून होती. आई दुसऱ्या खुर्चीत. मी विचारलं तेवढ्याचंच उत्तर. एकमेकींशी तर एक शब्द नाही."

"एकसुद्धा नाही?"

"एकसुद्धा नाही. मला फार वाईट वाटलं."

"तुझं वाईट वाटणं वहीत राहू दे. दिसलं ते लिही, मनानं काही घालू नकोस," मी माझ्या बावीस वर्षांच्या अनुभवाच्या सुरात म्हटलं. तिनं दिसलं ते लिहिलं: 'आई व मुलगी यांच्यात जवळीक आढळली नाही. मुलीला आणखी सहा महिने आत्याकडेच ठेवावे.' मी चष्मा पुसला आणि सही ठोकली.

दुपारी ती एक राहिलेली सही घ्यायला आत्याकडे गेली. आत्या छापखान्यात पुस्तकबांधणीचं काम करते, लग्न केलेलं नाही, आणि बोलायला लागली की समोरच्याला पाणीसुद्धा मागता येत नाही. त्या बोलण्याच्या भडिमारात वाटतंबाई त्या अहवालाची कच्ची प्रत, नकाशासकट, आत्याच्या टेबलावर विसरून आली. आमच्या कामात याहून मोठा गुन्हा नाही. संध्याकाळी तिच्या लक्षात आलं, तेव्हा तिचा चेहरा असा झाला की मला ओरडायचीही चोरी झाली. तरी ओरडलेच.

बुधवारी दहाच्या सुमारास व्हरांड्यात आवाज चढले. पुढे आत्या, हातात तो कागद. मागे आई. मधे बटण, दोघींचा एकेक हात धरून.

"ती पोरगी कुठाय तुमची? पेनवाली?" आत्यानं माझ्या टेबलावर कागद आपटला.

वाटतंबाई कपाटाआडून बाहेर आली.

"ही माझ्या आणि वहिनीच्या मधे नागमोडी काय काढलीये?"

"भांडणाची आहे," वाटतंबाई पुटपुटली.

"ती बरोबर आहे, राहू दे. आम्ही भांडतो. हिला कपड्याची घडी घालता येत नाही आणि लॉन्ड्रीत काम करते म्हणे!"

"घडी येते मला. तुझ्यासारखी येत नाही," आई म्हणाली.

"तेच म्हणतेय मी! पण ही तुटकी? मायलेकींच्या मधे? हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोणी सांगितलं नाही. मला दिसलं. चाळीस मिनिटं त्या दोघी..."

"अगं, मग दिसणारच!" आत्यानं कपाळावर हात मारून घेतला. "मीच बजावलं होतं. म्हटलं, सरकारी बाई येणार, त्या बसतील आणि सगळं लिहून घेतील. नीट बसायचं. आईच्या अंगावर लोळायचं नाही. मधे मधे बोलायचं नाही. नाहीतर लिहितील, मुलगी लाडावलेली आहे, आईला आवरत नाही. वहिनीलाही हेच सांगितलं."

"आम्ही रविवारी तालीमपण केली," बटण म्हणाली. "मी हलले नाही. आई एकदा हलली."

आईनं मान खाली घातली. "नाक खाजवलं फक्त."

मला हसू फुटत होतं आणि त्याच वेळी लाजही वाटत होती. हसू दाबायला मी कागद हातात घेतला. आई आणि बटण या दोन गोलांमधली रेघ तुटक राहिली नव्हती. पेन्सिलीनं कोणीतरी सगळे तुकडे जोडून टाकले होते, जीभ बाहेर काढून जोडतात तसे, दाबून.

"हे कोणी केलं?"

"मी," बटण म्हणाली. "पुस्तकात अशी तुकड्यातुकड्यांची रेघ असली की ती गिरवायची असते. तुम्ही अर्धवटच सोडली होती."

त्यानंतर बराच वेळ चूक कोणाची यावर दोघी नणंद-भावजया वाद घालत राहिल्या. प्रत्येकीला ती स्वतःची हवी होती, त्यामुळे मिटेना. बटण कंटाळली. बाकावर आईच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली. आईनं वाद न थांबवता, खाली न बघता, तिच्या केसांचं रबर काढलं, केस विंचरल्यासारखे बोटांनी सारखे केले आणि रबर पुन्हा बांधलं. बटणनं डोळेही उघडले नाहीत. वाटतंबाई हे पाहत होती. तिच्या हातात वही होती आणि ती मिटलेली होती.

जुना अहवाल मी फाडला. नव्यात तिनं लिहिलं, 'सोमवारी पाहिलं ते तालीम करून बसवलेलं होतं, हे ओळखण्यात मी चुकले.' मी 'मी' खोडून 'आम्ही दोघी' केलं. हात जरा जड झाला, पण केलं. गुरुवारी समितीनं बटणला आईकडे दिलं.

दहा दिवसांनी केस बंद करायचा फॉर्म घेऊन आम्ही दोघी आत्याकडे गेलो. तिथे आता एकच माणूस राहतं, हे दारातूनच कळत होतं. मांडणीचा खालचा कप्पा पुसून रिकामा ठेवला होता. खिडकीशी लहान खुर्ची होती, तिच्यावर बांधणीला आणलेली पुस्तकं रचली होती. आत्यानं चहा केला आणि चक्क काही बोलली नाही. मला ते अजिबात आवडलं नाही.

वाटतंबाई फॉर्म वाचून दाखवू लागली. एकेक कलम, सावकाश. मग मधेच थांबली.

"आत्या, एक विचारू? तो कागद तुमच्याच टेबलावर राहिला होता. खाली लिहिलं होतं, मुलगी तुमच्याकडेच ठेवावी म्हणून. तुम्ही तो आणला नसता तर..."

"माहीत आहे. वाचता येतं मला."

"मग?"

आत्यानं कप बशीत ठेवला. "मग काय? बटण शाळेतून यायच्या आत दोनदा टोपलीत टाकला आणि दोनदा काढला. आठ महिने पोरगी भिंतीवरच्या कॅलेंडरवर आईचे दिवस खोडत होती, माझ्या डोळ्यांसमोर. तिला काय सांगणार होते मी?" एकदम ती माझ्यावरच चिडली. "मला हवी होती ती. फार हवी होती. तुमच्या फॉर्मात आहे का हे लिहायला जागा?"

वाटतंबाईनं फॉर्म वरपासून खालपर्यंत पाहिला. जागा नव्हती. तिनं माझ्याकडे पाहिलं. एरवी मी म्हटलं असतं की फॉर्मवर जादा काही लिहायचं नसतं. आज मी माझं पेन काढून तिच्या हातात दिलं.

तिनं फॉर्म उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला आत्याचे शब्द लिहिले, होते तसे. मग कागद आणि पेन तिच्यापुढे सरकवलं. आत्यानं ते दोनदा वाचलं. पुढच्या बाजूला सहीचा चौकोन आखलेला होता, पण तिनं कागद पलटला नाही. त्या ओळींखालीच सही केली.